फोर बाय फोरचा दिवा लागतोय, पण पुढची चाकं खरंच ओढतात का? घरच्या घरी कसं तपासायचं

डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा लागला की बरेचजण निवांत होतात. पण बहुतेक गाड्यांत तो दिवा ट्रान्सफर केसवरच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढं-मागं वाटणारा डबा) एका छोट्या स्विचवर चालतोय आणि त्या स्विचला एवढंच कळतंय की आतला फोर्क, म्हणजे दात जोडणारा काटा, सरकला. तिथनं पुढं पॉवर जायची प्रॉपेलर शाफ्टमधनं (लांब फिरणारा दांडा), मग पुढच्या डिफ्रन्शियलमधे (दोन चाकांत ताकद वाटणारा गिअरचा गोळा), तिथनं ॲक्सल, मग हब (चाकाचा मधला भाग) आणि मग चाक. ह्यातलं मधलं काहीही तुटलं, अडकलं, नीट बसलं नाही तरी दिवा आपला लागलेलाच राहतोय. काही गाड्यांत पुढच्या ॲक्सलवर पण सेन्सर असतो, तिथं गडबड असली की दिवा ब्लिंक मारत बसतो, पण सगळ्याच गाड्यांत ही सोय नाही.

आपल्याकडं कोल्हापुरात प्रॉब्लेम असा की वर्षातले आठ-नऊ महिने गाडी टू एच मधेच, म्हणजे फक्त मागच्या दोन चाकांवर, पळत असते, शहरात काय आणि पुणे-बेंगलोर हायवेला काय, फोर व्हीलची गरजच पडत नाही. गरज पडते ती डायरेक्ट जुलैत, गगनबावड्याच्या बाजूला नायतर ऊसाच्या पाणंदीत चाकं बुडाल्यावर, आणि तिथं लिव्हर ओढून काही झालं नाही की मग ट्रॅक्टरवाल्याला फोन. म्हणून हे चेकिंग मे महिन्यात, पावसाळा सुरू व्हायच्या आत उरकायचं. घरच्या जॅकवर होतंय सगळं, गाडी खोलायला लागत नाही.

आधी बघा, गाडी फोर बाय फोर आहे का तरी

हसू नका. सेकंडहँड घेताना हे लई होतंय. जानेवारी २०२३ पासनं थार टू व्हील ड्राइव्हमधे पण येते, बाहेरनं बघून पटकन कळत नाही. स्कॉर्पिओ एन आणि थार रॉक्सला फोर बाय फोर फक्त डिझेलमधे आहे, त्यामुळं पेट्रोलच्या गाडीवर मागं कुणी फोर बाय फोरचा स्टिकर चिकटवला असला तर तो स्टिकरच समजायचा. जिम्नीला मात्र सगळ्या व्हेरियंटला फोर बाय फोर आहेच.

खात्री करायची तर खाली वाकून पुढच्या दोन चाकांच्या मधे टॉर्च मारा. तिथं डिफ्रन्शियलचा गोळा दिसला, त्यातनं दोन्ही चाकांकडं ॲक्सल गेलेत आणि मागच्या बाजूला एक प्रॉपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसकडं गेलाय, एवढं दिसलं की झालं. शाफ्टच नसला तर? ते पण बघायला मिळतंय जुन्या जीपमधे, आवाज येतोय म्हणून कुणीतरी पुढचा शाफ्ट काढून ठेवलेला असतो आणि गाडी तशीच पुढच्या गिऱ्हाइकाला जाते.

आता मेन गोष्ट. खालच्या सगळ्या टेस्ट पार्ट टाइम फोर व्हीलच्या आहेत, म्हणजे ज्या गाडीत टू एच, फोर एच (चारी चाकं, नेहमीचा स्पीड), फोर एल (चारी चाकं, हळू पण जास्त ताकद) असं लिव्हर, बटण किंवा गोल नॉब आहे. थार, जिप्सी, जिम्नी, स्कॉर्पिओ, टू एच असलेली नवी फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस, गुरखा, जुन्या एमएम ५४० जीप वगैरे सगळ्या ह्यात आल्या. ज्या गाडीला टू एच नाहीच आणि सगळं कॉम्प्युटर ठरवतो, त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय, त्यांनी जॅकच्या भानगडीत पडू नका.

टायर आणि हब

चारी टायर एकाच साइजचे आणि साधारण सारखेच झिजलेले पाहिजेत. पुढं नवीन आणि मागं टकले टायर असले की चाकांचा घेर वेगळा होतो, फोर एच मधे पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकाला लॉक असतो त्यामुळं सरळ रस्त्यावर पण आत ताण येत राहतो, मग लिव्हर निघत नाही आणि दोष जातो ट्रान्सफर केसवर. हवा पण चारी चाकांत कंपनीनं सांगितल्याप्रमाणं भरून घ्या.

जुन्या जीपला किंवा जिप्सीला पुढच्या चाकाच्या मधोमध फिरवायचे मॅन्युअल हब असले तर दोन्ही बाजूंचे हब लॉकवर आहेत का ते बघा. एक लॉक आणि एक फ्री राहिला तर पुढची दोन्ही चाकं कामातनं गेली, कारण ओपन, म्हणजे लॉक नसलेलं, डिफ्रन्शियल सगळी ताकद मोकळ्या बाजूला सोडून देतंय. गॅरेजला न्यायच्या आधी हे बघाच, फुकटात सुटणारा प्रॉब्लेम आहे. चिखल वाळून हब जाम झाला असला तर पक्कड लावून जोर करू नका, खोलून साफ करून ग्रीस भरायला लागतंय.

दिवा आणि आवाज

बटण किंवा नॉबवाली गाडी असली तर किल्ली ऑन करून (गाडीप्रमाणं क्लच दाबून नायतर न्यूट्रलला ठेवून, मॅन्युअलमधे दिलेलं असतंय) नॉब फोर एच ला फिरवा आणि दुसऱ्या कुणालातरी बाहेर उभं करून आवाज ऐकायला लावा. गाडीच्या मधोमध खालनं मोटरचा बारीक घर्र आवाज आला पाहिजे. आवाजच नाही आणि दिवा पण नाही तर आधी फ्यूज बघा, मग कनेक्टर. कनेक्टरमधे हिरवट गंज धरलेला असतो, विशेषतः पुरातनं गेलेल्या गाड्यांत.

काही गाड्यांत पुढचा ॲक्सल इंजिनच्या व्हॅक्यूमवर (हवेच्या ओढीवर) जोडला जातो, जिम्नी त्यातलीच. इथं बारीक रबरी पाइप असतात आणि ऊसाच्या पट्ट्यात गाडी उभी करणाऱ्यांना सांगायला नकोच, उंदीर आणि घुशी ते पाइप आवडीनं खातात. बॉनेट उघडून आणि पुढच्या ॲक्सलपर्यंत हे पाइप हातानं चाचपून बघा, चीर पडलीय का, टोकाला सैल झालाय का. पाइप निघाला की लिव्हर पडतंय, ट्रान्सफर केस जोडली जाते, पण चाकाला काहीच पोचत नाही.

जॅकची टेस्ट

हीच खरी टेस्ट, बाकी सगळं हिच्या आजूबाजूला. डोक्यात पक्कं बसवून घ्या की ही टेस्ट इंजिन बंद ठेवून करायची आहे. एक चाक जॅकवर उचलून, गाडी चालू करून, फोर व्हीलला टाकून चाक फिरतंय का बघणारे लोक आहेत. खाली राहिलेली तीन चाकं गाडीला ढकलतात आणि गाडी जॅकवरनं उडी मारते. काही थारला मागं मेकॅनिकल लॉकिंग डिफ्रन्शियल पण आहे, त्यामुळं मागचं चाक उचलून चालू करणं तर अजूनच वाईट. समोर भिंत असो नायतर माणूस, गाडीला काय फरक पडत नाही.

लागणारं सामान: गाडीचा जॅक, जमलं तर एक जॅक स्टँड, दोन मोठे दगड किंवा लाकडी ठोकळे, खडू आणि मोबाइल.

जागा सपाट आणि कडक. रंकाळ्याकडनं वर चढणाऱ्या गल्लीत घर असलं तर कुणाच्यातरी सपाट अंगणात जा, उतारावर ही टेस्ट नको. आणि ट्रान्सफर केसच्या न्यूट्रलची एक गोष्ट लक्षात ठेवा, फोर एच आणि फोर एल च्या मधे जो एन असतो तिथं लिव्हर राहिलं तर गाडी गियरमधे असली, ऑटोमॅटिक पार्कमधे असली तरी गडगडत जाते, कारण गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो.

पहिल्यांदा टू एच. हँडब्रेक ओढा, गियर पहिल्यात (ऑटोमॅटिक असली तर पार्क), मागच्या दोन्ही चाकांना पुढनं-मागनं दगड लावा, किल्ली काढून खिशात घाला. मॅन्युअलमधे दाखवलेल्या जागी जॅक लावून पुढचं एकच चाक जमिनीपासनं दोन बोटं उचला, स्टँड असला तर लावा. गाडीखाली अंग घालायचं नाही, हात पण नाही. आता उचललेलं चाक हातानं फिरवा. आरामात फिरलं पाहिजे. ब्रेक पॅडचा थोडा घासल्याचा आवाज आला तर चालतंय. फिरतच नसलं तर एक तर ब्रेक जाम आहे नायतर फोर व्हील आधीपासनंच अडकून बसलंय.

गाडी खाली घ्या, दगड काढा. गाडी चालू करून फोर एच ला टाका आणि सरळ रेषेत हळूहळू दहा-पंधरा फूट पुढं घ्या. हे मधलं चालवणं टाळू नका. आतले दात समोरासमोर यायला चाकं थोडी फिरायला लागतात, उभ्या गाडीत नुसतं लिव्हर ओढून दात बसले नाहीत तर टेस्टचा निकाल खोटा येणार. दिवा ब्लिंक न होता स्थिर झाला की थांबा, फोर एच तसंच ठेवून इंजिन बंद करा. परत हँडब्रेक, गियर, दगड, जॅक, तेच सगळं.

आता तेच चाक फिरवायचा प्रयत्न करा. फिरायला नाही पाहिजे. थोडंसं इकडं-तिकडं हलेल, खट करून अडेल, बस्स. कारण दुसरं पुढचं चाक जमिनीवर धरलेलं आहे, मग चाक फिरवायचं म्हणजे पुढचा शाफ्ट फिरला पाहिजे, तो शाफ्ट ट्रान्सफर केसमधे मागच्या शाफ्टला लॉक झालाय आणि मागच्या शाफ्टला मागची दोन चाकं जमिनीवर धरून बसलीत. साखळीतली एक पण कडी तुटलेली असली तर चाक फिरणार. म्हणजे चाक अडलं तर ट्रान्सफर केसपासनं पुढच्या दोन्ही हबपर्यंत सगळं जोडलेलं आहे हे सिद्ध झालं, तेही एका चाकावर.

चाक गरागरा फिरलं तर वाईट वाटून घेऊ नका, आता उलट फॉल्ट कुठं आहे हे पण इथंच कळणार आहे. गाडी खाली घेऊन, पुढच्या प्रॉपेलर शाफ्टवर खडूनं एक आडवी रेघ मारा. मोबाइलचा कॅमेरा चालू करून तो जमिनीवर शाफ्टकडं तोंड करून ठेवा, गाडी परत उचला, चाक फिरवा, मग खाली घेऊन व्हिडिओ बघा. चाकाबरोबर शाफ्ट पण फिरला तर पुढचा सगळा भाग चांगला आहे, फॉल्ट ट्रान्सफर केसमधे नायतर तिला हलवणाऱ्या लिंकेज किंवा मोटरमधे आहे. चाक फिरलं पण शाफ्ट जागचा हलला नाही तर ट्रान्सफर केसला बोल लावू नका, फॉल्ट शाफ्टच्या पुढं आहे: हब, व्हॅक्यूम पाइप, ॲक्सल जोडणारा ॲक्च्युएटर, तुटलेला ॲक्सल, ह्यातलं काहीतरी. फॉर्च्युनरसारख्या गाडीत पुढच्या डिफ्रन्शियलवरच जोडायची-तोडायची यंत्रणा असते, ती पण ह्याच बाजूला आली. एवढ्या एका फरकावर गॅरेजचं बिल केवढ्याचं केवढं बदलतंय. व्हॅक्यूमचा पाइप बदलायचा खर्च आणि ट्रान्सफर केस उतरवून खोलायचा खर्च ह्याची तुलनाच नाही.

चाक अडलं पण अडायच्या आधी भरपूर ढिलं फिरलं, हाताच्या वितीएवढं वगैरे, तर शाफ्टचे क्रॉस (टोकाचे वळणारे सांधे) झिजलेत का ते मिस्त्रीला बघायला सांगा. फोर व्हील चालतंय, पण क्रॉस कधी जाईल सांगता येत नाही.

सगळं झाल्यावर गाडी खाली घेऊन टू एच ला टाका आणि थोडं रिव्हर्स घ्या.

मुरमावर फुल स्टिअरिंग

जॅक नको वाटत असला तर निदान हे करा. मुरमाचं नायतर मातीचं मैदान, माणसं-पोरं नाहीत असं. टू एच मधे स्टिअरिंग पूर्ण कापून आयडलवर एक चक्कर मारा, मग फोर एच मधे तीच चक्कर. फोर एच मधे गाडी जड वाटली पाहिजे, अडखळत, टायर खरवडत वळली पाहिजे, ॲक्सिलरेटर न देता कधीकधी थांबायलाच बघते. वळताना पुढची चाकं मागच्यापेक्षा मोठ्या घेरानं फिरतात आणि मधे डिफ्रन्शियल नसल्यामुळं तो फरक जिरवायला जागा नसते, ते टायरलाच घसरून भरून काढायला लागतंय. दोन्ही चक्करा अगदी सारख्याच वाटल्या तर पुढं पॉवर जात नाही असा संशय घ्यायचा आणि जॅकची टेस्ट करायची.

डांबरी किंवा काँक्रीटच्या कोरड्या रस्त्यावर हे करू नका. तिथं टायर घसरत नाही, सगळा ताण गिअर आणि क्रॉसवर येतो. त्यानंतर लिव्हर परत टू एच ला येत नाही आणि माणूस घाबरतो. तसं झालंच तर जोर लावू नका, सरळ रिव्हर्समधे आठ-दहा फूट घ्या, स्टिअरिंग थोडं डावी-उजवीकडं करा, ताण सुटला की लिव्हर आपोआप हलकं होतंय.

वळताना पुढनं टक-टक-टक आवाज आला तर सीव्ही जॉइंट (पुढच्या ॲक्सलचा सांधा). सरळ चालताना फक्त फोर एच मधे थरथर आली तर पुढचा शाफ्ट नायतर क्रॉस. दात घासल्याचा कर्रर्र आवाज आला तर तिथंच बंद करा.

फोर एल

गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून (ऑटोमॅटिक असली तर न्यूट्रल), लिव्हर एका दमात फोर एल ला. पहिला गियर टाकून क्लच हळू सोडा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका. गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू सरकली पाहिजे. मोजून बघायचं तर फोर एच मधे दुसऱ्या गियरला १५०० आरपीएमवर किती स्पीड येतोय बघा आणि तेच फोर एल मधे. बहुतेक गाड्यांत लो रेंज साधारण दोन ते अडीच पट खाली असते, त्यामुळं स्पीड निम्मा किंवा त्याहून कमी दिसणार. लोडवर फोर एल मधनं लिव्हर उडून न्यूट्रलला येत असेल तर ते गंभीर आहे, चढावर तसं झालं तर गाडी मागं सुटते. तेवढं दुरुस्त झाल्याशिवाय पन्हाळ्याच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यांना जाऊ नका.

चिखलात बघताना

पहिला पाऊस झाला की कुणाच्यातरी रानात, मालकाला विचारून, राड झालेल्या पाणंदीत गाडी घाला. मसाई पठारावर किंवा राधानगरीच्या जंगलात टेस्टिंगला जाऊ नका, सड्यावरचं (खडकाळ पठारावरचं) गवत टायरनं उखडलं की लवकर परत येत नाही. आणि नदीकाठच्या मळीच्या रानात एकट्यानं जाऊ नका, तिथं चारी चाकं चालू असली तरी गाडी बसते.

एकजण बाजूला पंधरा-वीस फुटांवर उभा राहू दे, समोर किंवा मागं नको. टू एच मधे उठवताना मागची चाकं फिरतात, पुढची नुसती थांबतात. फोर एच मधे पुढनं पण चिखल उडला पाहिजे.

इथं एक मोठा गैरसमज आहे. पुढचं एक आणि मागचं एक चाक गरगर फिरतंय आणि बाकीची दोन थांबलीत, म्हणजे फोर व्हील खराब, असं नाही. ओपन डिफ्रन्शियलमधे ज्या चाकाला ग्रिप कमी ते फिरणार, त्यामुळं खड्ड्यात तिरपी गाडी आली की समोरासमोरच्या कोपऱ्यातली दोन चाकं फिरत राहतात. फोर व्हील चालूच आहे, लॉक नाही एवढंच. नव्या गाड्यांत कॉम्प्युटर फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून ताकद दुसऱ्या बाजूला ढकलतो, त्यासाठी ॲक्सिलरेटर थोडा धरून ठेवायला लागतो, लोक घाबरून सोडतात. गुरखासारख्या गाडीत पुढं आणि मागं दोन्हीकडं लॉक करायची सोय आहे, म्हणून ती तिथनं निघते.

ऑइल

ट्रान्सफर केस, पुढचं डिफ्रन्शियल, मागचं डिफ्रन्शियल, तिघांत आपापलं वेगळं ऑइल भरलेलं असतंय आणि पुढच्याकडं कुणी बघतच नाही. लेव्हल बघताना गाडी सपाट जागी, आणि आधी वरचा भरायचा बोल्ट ढिला करून बघायचा. खालचा काढून ऑइल सांडलं आणि वरचा जाम निघाला तर गाडी तिथंच अडकली. वरच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत ऑइल बोटाला लागलं की लेव्हल बरोबर.

ऑइल दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. कोल्हापुरात हे नीट बघायलाच पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या पंचगंगेच्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या आणि धुऊन-पुसून बाजारात आल्या, सीट कव्हर नवीन, डिफ्रन्शियलमधे पाणी. तसं दिसलं तर ऑइल बदला आणि ब्रीदरचा (आतली हवा बाहेर सोडणारा) पाइप तुंबलाय का तो पण साफ करा, नायतर परत पाणी ओढणार.

ऑइल कुठलं? मॅन्युअलमधे लिहिलेलंच. सरसकट सगळीकडं नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल ओतणारे मिस्त्री आहेत, पण काही ट्रान्सफर केसला ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल लागतंय.

कॉम्प्युटरवाल्या ऑल व्हील गाड्या

ग्रँड व्हिटारा, हायरायडर, कंपास, एक्सयूव्ही ७०० अशा गाड्यांत कपलिंग (जोडणारा क्लच) गरज पडेल तसं मागचा ॲक्सल जोडतंय, त्यामुळं हातानं चाक फिरवून काही कळत नाही. मुरमाच्या हलक्या चढावर, लॉक किंवा स्नो असा मोड असला तर तो लावून, थांबलेली गाडी जरा जोरात उठवा आणि बाजूच्या माणसाला मागच्या चाकांकडं बघायला सांगा. पुढची चाकं थोडी घसरून लगेच मागनं ढकलल्यासारखी उठली तर ठीक. नुसती पुढचीच खरवडत राहिली किंवा वॉर्निंगचा दिवा आला तर स्कॅनर लावायला लागणार. अशी गाडी बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढत नेऊ देऊ नका, पूर्ण गाडी ट्रकवर चढवूनच न्यायची.

बाकी पार्ट टाइमवाल्यांनी पावसाळा नसला तरी महिन्यातनं एकदा कच्च्या रस्त्यावर थोडा वेळ फोर एच ला गाडी चालवत जा, म्हणजे पुढच्या भागात ऑइल फिरतंय आणि फोर्क जाम होत नाही.

उद्यमनगरात किंवा कुठंही गाडी दाखवायला नेताना "फोर व्हील लागत नाही" एवढंच सांगू नका. टू एच ला चाक फिरतंय का, फोर एच ला अडतंय का, शाफ्ट फिरला का, दिवा स्थिर का ब्लिंक, हे चारच निकाल कागदावर लिहून द्या आणि शाफ्टचा व्हिडिओ दाखवा. काम झालं म्हणून फोन आला की तिथंच गॅरेजच्या दारात तीच जॅकची टेस्ट करायला लावा, आणि मग बिल द्या.